खोक्यावरचे १०० वॅट आणि ४ ओहमचे स्पीकर

व्हिडिओत वॅटचा हिशेब घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहून देतोय. ऑडिओचं दुकान टाकायचा विचार असेल तर वही-पेन घेऊन बसा. मी हा धडा स्वतःच्या गल्ल्यातले पैसे घालून शिकलोय.

कात्रपला दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं. अंबरनाथहून एक काका आले. घरी ४ ओहमचे मोठे उभे स्पीकर होते, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. मी खोक्यावर ‘१०० वॅट’ छापलेला एक २८ हजारांना दिला, नफा अडीच हजार. गणपतीत काकांनी भजनं जरा मोठ्याने लावली आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही ट्वीटर गप्प! काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून घेतला हो."

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर, जिथे स्पीकरच्या वायरी लावतो तिथेच, ‘६ ते १६ ओहम’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

आता नेमकं काय झालं ते बघा. ओहम म्हणजे स्पीकरचा विरोध. विरोध निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट लागतो. शिवाय ४ ओहम हा ढोबळ आकडा आहे. काही सुरांवर तो ३ च्या आसपासही उतरतो. पुण्याच्या कॅडेन्सने बनवले तसे इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलचे स्पीकर असतील, तर सूर जितका वरचा तितका विरोध कमी. अशा स्पीकरला करंट पुरवायचा तर आतला ट्रान्सफॉर्मर दमदार लागतो. म्हणून मी आधी अ‍ॅम्प्लिफायर उचलून बघतो. हलका निघाला की शंका घ्यायची. (क्लास-डीवाल्यांना हे लागू नाही, ते हलकेच असतात.)

दुसरी गोष्ट डीबीची. काकांच्या स्पीकरच्या कागदावर ८८ डीबी लिहिलं होतं, पण २.८३ व्होल्टला. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, ४ ओहमला मात्र २ वॅट. म्हणजे १ वॅटला खरे ८५ डीबीच. तेही एक मीटरवर. दहा फुटांवरच्या सोफ्यावर दोन्ही स्पीकर मिळून साधारण ८० पोचतात. ऐकायला तेवढं पुरतं. मग १०० वॅट कशाला? तर ढोलकीची थाप पडते तेव्हा आवाज क्षणभर १५-२० डीबीने उसळतो. दर ३ डीबीला वॅट दुप्पट, १० डीबीला दहापट, २० डीबीला शंभरपट. म्हणजे एरवी १ वॅटवर चालणाऱ्या गाण्याला त्या एका थापेसाठी १०० वॅट लागतात.

ते मिळाले नाहीत की लाटेचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. मग ट्वीटरकडे नको तेवढी ताकद जाते आणि त्याची बारीक कॉइल जळते. गंमत बघा, गिऱ्हाइकाला वाटतं मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनेच स्पीकर उडतात. लहान अ‍ॅम्प्लिफायर पिळूनही उडतात.

पण काकांचा तर १०० वॅटचाच होता ना? माहितीपुस्तक उघडलं तेव्हा कळलं, ते १०० वॅट एकच चॅनेल चालू ठेवून, ६ ओहमला, १० टक्के विकृतीवर मोजलेले. दोन्ही चॅनेलला ८ ओहमवर खरे ४०! तेव्हा ‘आरएमएस, दोन्ही चॅनेल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत’ असा आकडा शोधा. पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडूनच द्या. आणि ८ ओहमला १०० असेल तर ४ ओहमला किती, ते बघा. १८०-२०० असेल तर माल दमाचा. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल, तर मी तरी तो जड स्पीकरला देत नाही.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की स्पीकरच्या मागच्या लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. खोली केवढी, कुठे बसता, काय ऐकता, हेही विचारतो. दुकानात डेमोला एकच दमदार पीस ठेवलाय. बाकी अ‍ॅडव्हान्स घेऊन लॅमिंग्टन रोडवरून मागवतो. आपल्यासारख्याने ४५ हजारांचे चार पीस शेल्फवर ठेवले तर भांडवल तिथेच अडकतं.

काकांचा हिशेबही सांगून टाकतो. ट्वीटर बदलून दिले, ४,८०० गेले. जुना अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण २८ हजारांना परत घेतला, ४५ हजारांचा दिला, त्यात ४ हजार सुटले. परत आलेला पीस मला पडला होता साडेपंचवीसला, विकला १९ हजारांना. म्हणजे ६,५०० तिथे गेले. एकूण ७,३०० चं नुकसान. तो पीस शिरगावच्या एका मुलाने ८ ओहमच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरसाठी नेला. त्याच्याकडे अजून मस्त वाजतोय.