लायनरची छिद्रे : कारण आणि निवारण

लोणखेडा-शहादा परिसरात ऐन हंगामात ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये पाणी उतरले, की आपण नशिबाला बोल लावतो. कारण मात्र इंजिनात असते. ज्वलनाच्या हादऱ्याने वेट लायनर कंप पावतो. त्यालगतच्या पाण्याचा दाब क्षणभर घटून वाफेचे बुडबुडे उठतात आणि लगेच मिटतात. त्या आघातांनी लायनर बाहेरून पोखरला जातो. अशा मिटणाऱ्या बुडबुड्याच्या दाबाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले होते.

म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी नको. उत्पादकाने सांगितलेले कूलंटच योग्य प्रमाणात भरावे, मुदतीत बदलावे. झाकण दाब धरते का, तेही पाहावे. कारण दूर केल्यास दुःख टळते, ही तथागतांची शिकवण आम्ही वर्गात सांगतो. ती शेतातही आचरावी.