निःशाख खोडावरून संकटसमयीं उतरणें

वृक्षावर चढणें ही विद्या कोंकणांतील मुलांस शिकवावी लागत नाहीं. आंबा, फणस, जांभूळ यांवर चढतांना एक फांदी हातीं असते, दुसरी पायाखालीं असते, आणि दम लागल्यास तिसरीवर बसतांहि येतें. माडाची गोष्ट निराळी. त्याचें खोड जमिनीपासून शेंड्यापर्यंत एकच सोट. मध्यें विसांवा नाहीं. शहरांत घरालगतचा मोठा वृक्ष तुकड्यातुकड्यांनीं तोडतात, तेव्हां फांद्या उतरल्यावर जो उघडा बुंधा उभा राहतो त्याचीहि हीच स्थिति. अशा खोडावर चढण्याच्या युक्त्या पुष्कळांस ठाऊक असतात. परंतु अकस्मात् खालीं यावें लागलें तर काय करावें, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो.

माडावर चढणारा कोणी पायांत काथ्याचा फास अडकवितो, कोणी खोडांत कोरलेल्या खांचांवर पाऊल ठेवितो. (माडाची जखम आंब्याच्या सालीप्रमाणें भरून येत नाहीं, खांच जन्मभर राहते, आणि अशा जखमांतून सोंड्या भुंगा आंत शिरतो, हें बागाइतदारांनीं ध्यानांत घ्यावें.) अलीकडे दोन पायांनीं आळीपाळीनें चालवावयाचें लोखंडी यंत्रहि आलें आहे. नारळ विकास मंडळानें २०११ सालीं तरुणांस त्याचें शिक्षण देण्याची योजना सुरू केली, व ती स्तुत्यच होय. परंतु या सर्व रीतींत एक उणीव समान आहे. जितकीं पावलें वर जाण्यास, तितकींच खालीं येण्यास! झावळ्यांत गांधीलमाश्यांचें पोळें निघालें, कोयता मनगटावर बसला, पोटरींत गोळा आला, किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर तीं पावलें मोजीत कोण उतरणार?

घाईनें हात सुटल्यास काय होतें, हें विद्यार्थ्यांस गणितानें काढतां येईल. १५ मीटर उंचीवरून पडणारा मनुष्य सुमारें पावणेदोन सेकंदांत भूमीवर येतो. त्या क्षणीं त्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटर असतो.

कमरेचा पट्टा व खोडाभोंवतीं घातलेला दोर हा पहिला उपाय खरा. त्यानें मनुष्य मागें कलंडत नाहीं. मात्र पाय निसटले कीं सैल वेढा खोडावरून घसरत खालीं येतो, व त्याबरोबर मनुष्यहि. म्हणून तोच दोर खोडाभोंवतीं दोनदां फिरवावा, म्हणजे त्याची पकड वाढते. तरीहि तो दोर धरून ठेवतो इतकेंच. खालीं आणीत नाहीं.

खालीं आणणारा दोर वेगळा हवा, आणि कोयता किंवा करवत चालविण्यापूर्वींच तो बांधलेला हवा. त्याची रीत अशी. दोराच्या एका टोंकास पक्क्या गांठीचा डोळा करावा; नाविक लोक यासाठीं बोलाइन नांवाची गांठ वापरतात. खोडास वेढा देऊन दोराचें दुसरें टोंक त्या डोळ्यांतून ओवावें. हा फास सरकता असल्यामुळें भार पडतांच तो खोडास अधिकाधिक आवळतो. येथें सुरगांठ मुळींच चालणार नाहीं. सरकावयाचा तो दोर, गांठ नव्हे. माडावर हा फास झावळ्यांच्या खालीं, खोडालाच घालावा. झावळीच्या देंठावर विश्वास ठेवूं नये, कारण जून झावळी आपल्या वजनानेंहि गळून पडते. बुंधा वरून खालीं तोडीत आणावयाचा असेल तर प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वीं फास कापाच्या बराच खालीं आणावा. दोर जमिनीस टेंकतो कीं नाहीं हें खालच्या सोबत्यानें ओरडून सांगावें, व शेवटीं एक जाड गांठ मारलेली असावी.

त्या दोरावर उतरतांना हातांचा उपयोग करणें म्हणजे वेडेपणा. ७० किलो वजनाचा मनुष्य १५ मीटर उतरला कीं दहा हजारांहून अधिक जूल उष्णता उत्पन्न होते. तितक्यानें १०० ग्रॅम पाण्याचें तापमान सुमारें २५ अंशांनीं वाढेल. ती उष्णता तळहातांनीं सोसावी कीं धातूनें? म्हणून इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी धातूची कडी पट्ट्यास अडकवून तींतून दोर फिरवितात. तिच्याखालीं बारीक दोरीची पकडगांठ असावी. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रूसिक यानें १९३१ सालीं प्रसिद्ध केलेली गांठ याच जातीची. हात सुटले तर ती आपोआप दोर आवळून धरते. नियम एकच, पण तो मोडूं नये: सर्व भार उतरण्याच्या दोरावर आला अशी खात्री झाल्याखेरीज कमरेचा दोर सोडूं नये.

चढणारा बेशुद्ध झाला तर? पट्ट्यांत निश्चेष्ट लोंबकळणाऱ्याच्या पायांत रक्त सांचतें, व थोड्या वेळांतच जिवास धोका संभवतो. अशा वेळीं खालच्या माणसास त्याला उतरवितां आलें पाहिजे. त्याकरितां चढणाऱ्याचा दोर वरच्या फासाच्या कडींतून खालीं आणून शेजारच्या झाडाच्या बुंध्यास वेढे देऊन धरतात. बंदरांत खलाशी गलबताचा दोर खुंटास वेढतात तीच ही युक्ति. हिचें गणित १८ व्या शतकांत ऑयलरनें मांडलें. घर्षणाचा गुणक ०.२५ धरल्यास एका वेढ्यानें भार सुमारें ५ पट हलका होतो, दोहोंनीं २३ पट, तिहींनीं १११ पट. ७० किलोंचा देह दोन वेढ्यांवर सुमारें ३ किलोंच्या ओढीनें तोलतां येतो. चौदा वर्षांचा मुलगाहि तें करूं शकेल. मात्र वरच्या फासावर या रीतींत जवळजवळ दुप्पट ताण येतो, तेव्हां तो दोर व कडी उत्तम प्रतीचींच हवींत.

हा सर्व अभ्यास प्रथम जमिनीपासून हातभर उंचीवर करावा व पुष्कळदां करावा. ज्यांच्या घरीं माड आहेत अशा पालकांनीं पाडपास माणूस बोलावितांना त्याच्याजवळ दुसरा दोर आहे काय, आणि खालीं कोणी जाणता उभा राहणार आहे काय, हें विचारावें. नसल्यास दोराचा खर्च घरमालकानें सोसावा, असें आमचें मत आहे. काथ्याचें सुंभ यासाठीं नको. तें ओलाव्यानें आंतून कुजतें व बाहेरून दिसत नाहीं. नायलॉनचा दोर घ्यावा, तो उन्हांत टाकूं नये, आणि प्रत्येक वेळीं बोटांतून सबंध ओढून पाहावा. कोठें मऊ, चपटा किंवा काचलेला लागल्यास तो गुरें बांधण्याकडे द्यावा.