आधी गाडी, मग पावती

भिवंडी,
दि. 8 फेब्रुवारी 2026

चि. सायली,

तू महापालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून रुजू झालीस, हे दादाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. दिवाळीनंतर मी इंदूरला जाऊन आले, तेव्हापासून काही गोष्टी मनात घोळत आहेत. त्या आता तुलाच सांगायला हव्यात.

इंदूरहून आलेला प्रत्येक जण तिथल्या रस्त्यांचं आणि दुभाजकांवरच्या झाडांचं कौतुक करतो. ते खरंही आहे. सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाऊचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, आणि मध्यरात्र उलटली तरी हटत नाही अशी गर्दी. सकाळी त्याच गल्लीतून गेलं, तर रात्री इथे एवढी जत्रा होती यावर नवख्या माणसाचा विश्वास बसायचा नाही. पण मी तिथे सगळ्यात लक्षपूर्वक पाहिली ती सकाळची कचरागाडी.

गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की घराघरांतून बाया-माणसं डबे घेऊन दारात येतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड-डायपर, घातक कचरा, जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू असे सहा प्रकार, आणि गाडीतही तसेच वेगळे कप्पे. एकीच्या सुक्या कचऱ्यात साली निघाल्या, तर गाडीवरच्या मुलाने पिशवी परत दिली. ती बाई भांडली नाही. तिथेच उभी राहून तिने साली वेगळ्या केल्या.

हे पाहून, तिथली माणसंच वेगळ्या घडणीची, असं वाटेल. तसं मानू नकोस. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 25 वं होतं. 2017 मध्ये पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. एका वर्षात माणसांचा स्वभाव बदलत नाही, व्यवस्था बदलू शकते. तिथे आधी दारोदार गाडी सुरू झाली, थोड्या वॉर्डांतून करत करत सगळ्या 85 वॉर्डांत पोचली. मग रस्त्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या आणि दंडाचा बडगा उगारला. हा क्रम नीट लक्षात ठेव. गाडीचा भरवसा नसताना कुंडी उचलली, तर कचरा नाक्यावर पडणार. तो टाकणाऱ्या माणसाची दंडाची पावती फाडणं मला अन्यायाचं वाटतं.

इंदूरच्या देवगुराडियाला वर्षानुवर्षं साचलेले कचऱ्याचे डोंगर तिथल्या पालिकेने उपसले, चाळले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर झाडं लावली. फेब्रुवारी 2022 पासून तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प आहे, त्यावर शहरातल्या बस धावतात. पण एवढा मोठा प्रकल्प चालतो तो स्वयंपाकघरात वेगळ्या ठेवलेल्या सालींवर. मिसळलेला कचरा आला की प्रकल्प अडतो.

तुझे वरिष्ठ म्हणतील, इंदूर होळकरांचं राजधानीचं गाव, त्याची आपल्याशी काय बरोबरी! त्यांना सांग, हुकूमचंद मिल, मालवा मिल अशा गिरण्यांवर ते शहर पिढ्यान् पिढ्या जगलं. कापसाची धूळ, गिरणगावची दाटी आणि शहरातून वाहणाऱ्या नदीचा झालेला नाला, हे सगळं त्यांनीही भोगलं आहे. आपल्या कामवारी नदीकडे बघताना हे आठवत जा.

मात्र त्यांचं वेळापत्रक उचलून इथे आणलंस तर ते चालणार नाही. आपल्याकडे भिवंडीत यंत्रमाग दोन पाळ्यांत चालतात. रात्रपाळीचा कामगार सकाळी खोलीवर येऊन झोपतो, त्याच चटईवरून दिवसपाळीचा उठून गेलेला असतो. तिथे सकाळी घंटी वाजवून दारात कोण येणार? त्यांचा ओला कचरा खोलीत नसतो, तो बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत असतो. एकेका बिस्सीत कितीतरी माणसं जेवतात, म्हणून ओल्या कचऱ्याची सुरुवात तिथूनच कर. जेवणं उरकल्यावर गाडी पोचेल अशी वेळ मागून घे. सुक्या कचऱ्यात आपल्याकडे चिंध्या, सुताचे तुटके कोन आणि गोदामांतलं पॅकिंग फार असतं. चिंध्या साईझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांच्या भट्टीत गेल्या की तोच धूर आपल्या छातीत येतो. त्या वेगळ्या घेणारा माणूस नेमून द्यायला लाव. आणि सूचना उर्दूत नि तेलुगूतही छापून घे. पद्मानगरातल्या आजींना मराठी फलक वाचता आला नाही, तर चूक त्यांची नव्हे.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या इंदूरचं मी एवढं कौतुक केलं, तिथेच डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली. बातमी वाचून मी सुन्न झाले. त्यामुळे त्यांची गाडी खोटी ठरत नाही, पण झाडलेला रस्ता पाहून जमिनीखालची जलवाहिनी धड आहे असं कुणी धरून चालू नये. आपल्याकडेही गटारातून गेलेल्या नळजोडण्या आहेत. पाण्याचं खातं तुझं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रोज गल्लीत फिरणारी तू असशील. पाण्याला वास येतो असं कुणी सांगितलं, तर त्याच दिवशी लेखी कळव आणि पोच घे.

सफाई कामगारांना नावाने हाक मार. हातमोजे आणि बूट त्यांना मिळालेत का, ते स्वतः बघ, नुसत्या रजिस्टरवरच्या सहीवर जाऊ नकोस. गटारात कुणालाही उतरू देऊ नकोस, साहेबांनी सांगितलं तरीही. कायद्याने ते बंद आहे आणि या एका बाबतीत तू वरिष्ठांच्या वाकड्यात शिरलीस तरी मी तुझ्या पाठीशी आहे.

झाडं, रंगवलेल्या भिंती, कारंजी यांचे प्रस्ताव तुझ्यापुढे लवकर येतील, कारण त्यांचे फोटो चांगले निघतात. निदान पहिलं वर्ष ते बाजूला ठेव. एकाच प्रभागात, एकाच वेळेला, रोज न चुकता गाडी पोचवून दाखव. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा मागवाल्यांशी आणि बिस्सीवाल्यांशी पहिली बैठक येत्या शुक्रवारीच नमाजानंतर घे.

तुझी,
आत्या