जुन्या ओट्यात नवी शेगडी

अगं, हॉब बिघडला म्हणून मिस्त्रीनं सगळ्या ट्रॉल्याच बदलायला सांगितल्या ना? इतक्यात हो म्हणू नकोस. पंधरा-वीस वर्षांपूर्वी चांगल्या प्लायमध्ये केलेलं स्वयंपाकघर एका शेगडीपायी तोडायचं नसतं. आजची मापं जुन्या जागेत सहजी बसत नाहीत, हे खरं आहे. पण मोजून घेतलं तर बहुतेक वेळा वाट निघते.

दुकानदार तुला वरच्या काचेचं माप सांगेल: ६०, ७५, ९० सेंटिमीटर. त्यावर जाऊ नकोस. तुला हवंय ते ओट्याला पाडलेल्या भोकाचं माप. त्याला ते कट-आउट म्हणतात आणि ते कंपनीगणिक बदलतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. म्हणून आधी मेकॅनिककडून गॅस बंद करून जुना हॉब उचलून घे. कडेचं वाळलेलं सिलिकॉन खरवडून काढ आणि मग टेप लाव. लांबी पुढून, मधून, मागून घे. रुंदी डावीकडून आणि उजवीकडून. हातानं कापलेल्या ग्रॅनाइटची कड क्वचितच सरळ असते, आकडे थोडे पुढेमागे येतील. सगळ्यांत लहान आकड्यात नव्या हॉबची खालची पेटी उतरायला हवी, आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यापलीकडे त्याची काच चारही बाजूंनी दगडावर टेकायला हवी. दोन्ही जमलं की तो हॉब तुझा.

भोक थोडं लहान पडत असेल तर ग्राइंडरनं वाढवता येतं, पण दगड किती उरतो ते बघ. ओटा दोन फुटांचा, म्हणजे ६१ सेंटिमीटरचा. त्यात ४९ चं भोक गेलं की पुढेमागे मिळून जेमतेम १२ सेंटिमीटर दगड राहतो. चीर जाते ती तिथेच. आणि भोक मोठं असेल तर दगडाची पट्टी जोडायच्या भानगडीत पडू नकोस. सांधा दिसतो, आणि सगळा भार त्याच्यावर येतो. सरळ मोठ्या काचेचा हॉब बघ. घेताना घरी सिलिंडर आहे की पाइपचा गॅस, तेही सांग. दोन्हींचे जेट वेगळे असतात.

आता कपाटाची गोष्ट, इथे बायका हमखास फसतात. सुतार फुटात बोलतो, कंपनी मिलिमीटरमध्ये. सुतार म्हणतो, 'ताई, दोन फुटांचा खण आहे.' तो बाहेरून दोन फूट असतो. दोन्ही बाजूंची १८-१८ मिलिमीटरची प्लाय वजा केली की आत राहतात ५७ सेंटिमीटर आणि वर थोडं. बिल्ट-इन ओव्हन त्यात बहुधा जातो, कारण त्याचं अंग साधारण ५६ चं असतं आणि रुंद दर्शनी भाग प्लायच्या कडा झाकतो. पण ६० सेंटिमीटरचं डिशवॉशर त्या खणात काही केल्या जाणार नाही. तिथे ४५ चं अरुंद मॉडेल घे आणि उरलेल्या जागेत ताटल्या-ट्रे उभे ठेवायचा कप्पा करून घे. उंचीही फरशीपासून कडप्प्याच्या खालच्या कडेपर्यंत मोज. स्कर्टिंगची पट्टी काढली की थोडी जागा वाढते.

फ्रिजच्या बाबतीत माझं ठाम मत आहे: कोनाड्याला घट्ट बसणारा घेऊच नये. मागे, वर आणि बाजूंना कंपनीनं सांगितलेली मोकळी जागा सोडावीच लागते, नाहीतर उष्णता कोंडते, मशीन सारखं चालत राहतं आणि बिल वाढतं. वरचा लॉफ्ट आड येत असेल तर त्याचा खालचा एक फळा सुतार वर सरकवून देतो, त्यासाठी फर्निचर तोडावं लागत नाही. आणि दार भिंतीला अडून अर्धंच उघडणार असेल, तर भाजीचा ट्रे बाहेरच येणार नाही. कोथिंबिरीची जुडी रोज तिरकी ओढून काढावी लागेल. म्हणून बिजागरी कोणत्या बाजूला आहे आणि दार पूर्ण उघडायला किती जागा लागते, हे दुकानातच बघ. कोनाड्यात दोन-तीन बोटं जागा उरली तर उरू दे.

चिमणी हॉबपेक्षा अरुंद नको, आणि सहा इंची पाइप मागणाऱ्या मशीनला जुना चार इंची जोडू देऊ नकोस. ओव्हनला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, जुन्या घरांत बऱ्याचदा सहाचाच असतो.

प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात मापांचं एक ड्रॉइंग असतं. ते आणि तू घेतलेली मापं, दोन्हींचे फोटो मला पाठव. तोवर मिस्त्रीला किंवा दुकानदाराला एक रुपयाही अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.