सीनाकाठचे गाव आणि ‘रझाकारी’ची भाषा

ग्रामीण साहित्यातील गाव आपण बहुधा पार, वाडा आणि शिवार यांवरून ओळखतो. या पाठात बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे, आष्टी तालुक्यातील सीनाकाठचे एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवा. १९४८ पर्यंत ऐलतीरावर निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पैलतीरावर मुंबई प्रांताचा अहमदनगर जिल्हा. सोयरीक दोन्हीकडे, पण माल नेताना करोडगिरीचा नाका आडवा येई. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार. घरात मराठी, कचेरीत उर्दू. स्वतःच्या जमिनीचा कागद अनेकांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे.

१५ ऑगस्ट १९४७ ला पैलतीर स्वतंत्र झाला, ऐलतीर नाही. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला. तरीही कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा यांत सरहद्दीची गावे भरडली गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले.

आता शब्दाकडे वळू. ‘रझाकार’ म्हणजे मूळ अर्थाने स्वयंसेवक. मराठी बोलीने त्याला ‘ई’ जोडून एका काळाचेच नाव केले : ‘थोरला रझाकारीत जन्मला.’ दुष्काळाचे साल सांगावे तसे! ‘मोगलाई’ या शब्दाचाही प्रवास असाच आहे. प्रदेशाचे नाव पुढे अंदाधुंदीचे नाव झाले.

परंतु १७ सप्टेंबरला गोष्ट संपत नाही. त्यानंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांची हत्या व लूट झाली. भारत सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात बीडचाही उल्लेख केला. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. गावाच्या आठवणीत पूर्वार्ध मोठ्याने सांगितला जातो, उत्तरार्ध बहुधा गाळला जातो. येथे व्याकरण उपयोगी पडते. ‘रझाकारांनी घर जाळले’ या वाक्यात कर्ता आहे. ‘मग मोहल्ल्यातली घरं जळाली’ यात तो नाही. जाळणे आणि जळणे यांतला हा फरक केवळ प्रयोजक-अप्रयोजकाचा नव्हे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील ऐंशी वर्षांपुढील दोन व्यक्तींकडून, शक्य असल्यास दोन भिन्न समाजांतील, या काळाच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. वाक्ये प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. कर्ता कोठे येतो व कोठे नाहीसा होतो, तेथे खूण करा. सांगणारा थांबला, तर आपणही थांबा. विराम तेवढा नोंदवा.