आधी वाच, मग घास

माझ्या नातीला जुन्या कुऱ्हाडी, वाकस, पटाश्या आणि रंधे जमवायचा नाद लागलाय. मला त्याचं फार बरं वाटतं. तळेगाव ढमढेऱ्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर अजून माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला, पडक्या वाड्याच्या कोनाड्यात ही हत्यारं पडून आहेत. भंगारवाला ती किलोच्या भावानं नेतो आणि दुसऱ्या दिवशी ती भट्टीत वितळतात. तिला जे सांगतो तेच इथं लिहून ठेवतोय.

पोरी, भंगारवाल्याच्या आधी पोचायची घाई कर, बाकी कशातही घाई नको. हत्यार हातात आलं की पहिली उबळ येते ती घासायची. ती दाब. गंज तासाभरात निघतो, पण त्याच्याखालची खूण एकदा पुसली की कुठल्याही लोहाराकडून परत मिळत नाही.

आधी कोरड्या फडक्यानं माती पूस आणि फोटो काढ. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरून पानाच्या दोन्ही बाजू आणि माथा बघ. कुठं अक्षरासारखं काही दिसलं तर त्यावर कोरडी पांढरी रांगोळी चोळ आणि हलकी फुंकर मार. पूड खाचेत राहते, ठसा उमटतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी अशी ठशांची हत्यारं अजून मिळतात. तिथंही खिशात रांगोळीची पुडी ठेव.

ठसा कसा वाचायचा ते नीट ऐक. ‘शेफील्ड’ आणि ‘कास्ट स्टील’ असं इंग्रजीत दिसलं की विकणारा म्हणतो, हे बीड आहे. ते बीड नव्हे. शेफील्डला हंट्समननं १७४० च्या दशकात पोलाद मुशीत वितळवून एकजीव करायची रीत बसवली, त्या पोलादाचं ते नाव. अशी पटाशी सापडली तर सोडू नकोस, तिच्यासारखी धार आजच्या स्वस्त पटाशीला येत नाही. वजन पौंडात ठोकलेलं असेल तर हत्यार बहुधा जुनं, कारण आपल्याकडं मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि किलोची सक्ती १९६२ ची. ‘आयएसआय’ची खूण असेल तर ते स्वातंत्र्यानंतरचं, कारण ती संस्थाच १९४७ ची. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेलं १९४९ ते १९९० मधलं. एका खुणेवर निकाल देऊ नकोस, दोन-तीन खुणा जुळल्या तरच वहीत लिही.

दौंडकडून आलेल्या मालात ‘जी. आय. पी.’ अशी अक्षरं दिसतील. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, जिची १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. गँगमनचे घण, गिट्टी ठोकायचे बीटर, पाने असा तो माल. बघून मोह होतो, पण रेल्वेच्या मालमत्तेचा १९६६ चा कायदा कडक आहे. लिलावाची पावती असेल तर घे, नसेल तर हात लावू नकोस.

आता खरी गंमत ठसा नसलेल्या गावठी कुऱ्हाडीत. आपल्या गावांत कुऱ्हाड दुकानातून यायचीच नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. सुतार-लोहार बलुत्यावर कसे राबायचे ते त्यात मांडलंय. लोहार वर्षभर कुणब्याची अवजारं करायचा, दुरुस्त करायचा आणि सुगीला धान्याचा वाटा न्यायचा. त्यामुळं एकच कुऱ्हाड पुन्हा पुन्हा लोहाराच्या भट्टीवर जायची. पान झिजलं की त्यावर नवं पोलाद चढवायचं. म्हणून आखूड पानाची कुऱ्हाड दिसली की टाकाऊ समजू नकोस. दोन-तीन पिढ्यांचं काम त्या पानात असू शकतं.

तिची पारख अशी. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, टॉर्च मार. जुन्या कामात लोखंडाची पट्टी तापवून घडी घातलेली असते आणि जोडाची रेघ नेढ्याच्या आत दिसते. मग धारेजवळ बोटभर जागा कानशीनं चकचकीत कर, लिंबाचा रस लाव आणि पाच-दहा मिनिटं थांब. पोलाद काळपट पडतं, साधं लोखंड फिकट राहतं, आणि दोन्हींच्या मधली वेडीवाकडी रेघ उमटते. त्या लोहारानं पोलाद कुठवर घातलं ते तुला डोळ्यांनी दिसतं. मी आजही ती रेघ दिसली की हातातलं काम ठेवून बघत बसतो. नंतर सोड्याच्या पाण्यानं जागा धुऊन कोरडी कर. रेघ नाही, पान सगळीकडं सारख्या जाडीचं आणि कुठं एखादं गोल भोक, तर ती ट्रकच्या कमानपाट्याची. भोक मधल्या बोल्टाचं. घिसाडी लोक रस्त्याकडेला पालं टाकून अशा कुऱ्हाडी घडवत आलेत. तिलाही कमी लेखू नकोस, कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, फक्त तिला शंभर वर्षांची म्हणून कुणाला विकू नकोस.

घेताना तडा बघ. कुऱ्हाड सुतळीला टांगून लहान हातोडीनं टिचकी मार. खणखणीत वाजली तर घे, बद्द वाजली तर नेढ्याच्या कोपऱ्यात भेग शोध. बिडाच्या वस्तूंची गोष्ट वेगळी. किर्लोस्करांच्या जुन्या नांगराचे भाग बिडाचे. किर्लोस्करवाडी १९१० ची, तेव्हापासून आपल्या देशावर ते नांगर फिरलेत. बिडावर घण घालायचा नाही, ते वाकत नाही, फुटतं.

आणि घोडनदीच्या काठानं फिरताना दगडाची किंवा तांब्याची कुऱ्हाड दिसली तर ती आपल्या संग्रहाची नव्हे. आपल्याच शिरूर तालुक्यातलं इनामगाव डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून खोदलं, तिथली वस्ती तीन हजार वर्षांपलीकडची. असं काही दिसलं तर उचलू नकोस, धुऊ नकोस, जागेचा फोटो काढून तहसीलला किंवा पुरातत्त्व खात्याला कळव. लोखंडी हत्यारंही शंभर वर्षांपलीकडची असतील तर १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरू शकतात. परदेशातल्या नातेवाइकानं भेट म्हणून मागितली तरी पाठवू नकोस.

साफसफाईत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ग्राइंडर. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत जाणारी आपली पोरं हौसेनं म्हणतात, आजोबा, दोन मिनिटांत चकाचक करून देतो. नको म्हण. साध्या पोलादाची धार सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळसर होते, तीनशेच्या आसपास निळी. निळी झाली की लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. मग कितीही पाजव, पहिल्याच गाठीवर धार मुडपते.

त्याच कारणानं नेढ्यातला जुना दांडा जाळून काढू नकोस. कुऱ्हाड चुलीत टाकायची सवय घरोघरी आहे आणि तिनं चांगली पानं नासलीत. दांडा नेढ्यालगत कापून टाक, उरलेल्या खुंटात ड्रिलनं भोकं पाड आणि दांड्याच्या बाजूनं माथ्याकडं ठोकून काढ, कारण पाचर वरून बसलेली असते. टिकावाचं उलटं. त्याचा दांडा वरून घातलेला आणि वरच्या टोकाला जाड असतो. टिकावाचं डोकं खाली, मुठीकडं ठोकलं की निसटतं.

गंजाला घासलेट लाव, रात्रभर ठेव, सकाळी पितळी ब्रशनं घास. तेवढ्यानं भागलं नाही तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून त्यात बुडव, पण तासातासाला बाहेर काढून बघ. आम्लात विसरलेलं लोखंड खरबरीत होतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच उन्हात वाळव. तांबडा गंज काढायचा, खालचा घट्ट काळा थर ठेवायचा. तो थर लोखंडाला राखतो. पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकरांनी घराघरांतून अडकित्ते, दिवे, कुलपं गोळा केली आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला दिला. नेहमीच्या वापराच्या वस्तूही किती जपून ठेवता येतात, ते तिथं डोळ्यांनी बघ.

दांडा घालताना लाकडाची निवड तू कर, दुकानदाराला करू देऊ नकोस. सगळ्यात उत्तम धामण, लवचीक आणि चिवट. ती सह्याद्रीकडची. आपल्याकडं बाभूळ. ओली बाभूळ घालू नकोस, सावलीत निदान सहा महिने वाळू दे. टोकाकडून बघ, रेषा धारेच्या दिशेनं उभ्या हव्यात आणि मुठीपर्यंत न तुटता गेलेल्या हव्यात. मधे गाठ असेल तर तो दांडा चुलीला दे. सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवायची युक्ती सगळे सांगतील. लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट बसतं, मग वाळून आधीपेक्षा सैल होतं. पाचर बदल.

दांड्याला व्हार्निश नको, हाताला फोड येतात. जवसाचं तेल लाव, मुरू दे, परत लाव. आणि तेलाची फडकी कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेली फडकी आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळव.

धार लावताना कानस एकाच दिशेनं चालव, मग निसण्यावर पाणी घालून हात फिरव. लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीचे गाल फुगीर राहू देत, फांद्या छाटायच्या कुऱ्हाडीची धार पातळ चालते.

पावसाळ्यात दांडे फुगलेले असतात, आश्विनातल्या उन्हात आकसतात. खंडेनवमीला हत्यारं पुजायला काढशील तेव्हा प्रत्येक हलवून बघ, ढिली असेल ती बाजूला ठेव. पूजा झाल्यावर ओलं हळदकुंकू पोलादावर दिवसच्या दिवस राहू देऊ नकोस, त्याच्याखाली गंज धरतो. दसऱ्याला सोनं वाटून आलीस की कोरड्या फडक्यानं पूस आणि पानाला एरंडेलाचा हात दे.