बोटांना दिसणारा तळ

अमेरिकेतील तलावांत बास मासा पकडताना जड आमिष तळावरून हळूहळू ओढतात. आमिष खड्याला अडले की माशाने टिपले, हे गळाच्या काठीत उमटणाऱ्या बारीक हादऱ्यावरूनच हाताला कळते. मग काठी कशी निवडावी?

न्यूटनचा दुसरा नियम आठवा : बल तेच असता वस्तुमान कमी, तर त्वरण जास्त. म्हणून काठी हलकी हवी. पण लवचीक नको. कार्बनतंतू काचतंतूपेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनाने हलका. साहजिकच कार्बनतंतूची काठी सरस ठरते. मात्र दोरी सैल पडली, तर उत्तम काठीही मुकी!

करून पाहा : छडीच्या टोकाला दोरा बांधा. मित्राने तो ताणून टिचकी मारावी. आता टोकाला ओल्या मातीचा गोळा लावून पुन्हा टिचकी मारा. फरक कोणता, आणि का?